शाळा अकॅडमी झाली म्हणून कौन्सिल सुटलं नाही

इंग्लंडमधल्या मराठी पालकांमध्ये एक संदेश फिरतो आहे. (अकॅडमी म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, पण कौन्सिलऐवजी, म्हणजे स्थानिक प्रशासनाऐवजी, एखादा ट्रस्ट चालवतो ती शाळा.) मथितार्थ असा: ‘मुलाची शाळा अकॅडमी असेल तर कौन्सिलकडे खेटे घालू नका. पैसा सरकार थेट देतं, हिशेब ट्रस्ट बघतो, मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारीही ट्रस्टचीच. कौन्सिल शाळांचा पैसा रस्त्यांवर उडवत होतं, म्हणून तर अकॅडम्या आल्या. आणि कौन्सिलला फोन केलात, तर सोशल सर्व्हिसेसवाले (मुलांच्या संरक्षणाचं कौन्सिलचं खातं) मूलच उचलून नेतील.’ यात हिशेबाचा मुद्दा खरा आहे, ‘थेट’ पैशाचा अर्धा खरा. बाकी सगळं चुकीचं, आणि शेवटचं वाक्य तर मुलाच्या जिवावर बेतू शकेल असं.

खरं ते आधी मान्य करू. अकॅडमी ट्रस्टची वही कौन्सिल तपासत नाही. कौन्सिलच्या अखत्यारीतल्या शाळेने पैशांचा फारच घोळ घातला, तर १९९८ च्या कायद्यानुसार कौन्सिल तिचे खर्चाचे अधिकार काढून घेऊ शकतं. ट्रस्टच्या बाबतीत ते हात बांधलेले आहेत. तिथे लेखापरीक्षण झालेले हिशेब दरवर्षी शिक्षण खात्याकडे जातात. हे हिशेब जाहीरही करावे लागतात. ते उघडून बघणारे पालक मला फारसे भेटलेले नाहीत, ते असो.

आता ‘थेट’ पैसा. २०१० च्या अकॅडमी कायद्यानंतर ट्रस्टच्या खात्यात पैसे सरकार भरतं, हे खरं. पण किती भरायचे? प्रत्येक कौन्सिलच्या हद्दीतल्या शाळांसाठी एक स्थानिक सूत्र असतं. राष्ट्रीय सूत्राच्या चौकटीत राहून ते कौन्सिल ठरवतं, आणि त्याआधी ‘स्कूल्स फोरम’शी चर्चा करतं. त्या फोरममध्ये अकॅडम्यांचे प्रतिनिधीही बसतात. याच सूत्राने अकॅडमीचा वाटा निघतो, आणि सरकार तेवढी रक्कम कौन्सिलच्या अनुदानातून वळती करून ट्रस्टला देतं. म्हणजे ‘थेट’ आहे तो फक्त शेवटचा टप्पा.

रस्त्यांची गोष्ट ऐकायला बरी वाटते, पण शाळांचं हे अनुदान २००६ पासून शिक्षणासाठीच राखून ठेवलेलं असतं. खड्डे बुजवायला ते वापरता येत नाही. प्रत्यक्षात दुखणं उलटं आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांवरचा खर्च या अनुदानात मावेनासा झाला, आणि बऱ्याच कौन्सिलांच्या डोक्यावर मोठी तूट साचली. ही तूट मुख्य ताळेबंदाबाहेर ठेवायची सवलत सरकारने २०२० मध्ये दिली, आणि ती वाढवत वाढवत मार्च २०२८ पर्यंत नेली आहे.

याच ठिकाणी संदेशावर विसंबणाऱ्या पालकाचं नुकसान होतं. मुलाचा ईएचसी प्लॅन (विशेष गरजा असलेल्या मुलाला कोणती मदत द्यायची याचा कायदेशीर आराखडा) मंजूर असेल, तर त्यात लिहिलेली शैक्षणिक मदत मिळवून देणं हे २०१४ च्या कायद्याच्या कलम ४२ नुसार कौन्सिलचं काम आहे, मूल अकॅडमीत असलं तरीही. शाळा म्हणाली ‘माणूसच मिळत नाही’, तर पत्र कौन्सिललाच लिहायचं. मुलाला कायमचं काढून टाकलं, तर सहाव्या शालेय दिवसापासून त्याच्या शिक्षणाची सोय कौन्सिलनेच लावायची. अकॅडमीने काढलं काय नि दुसऱ्या शाळेने काढलं काय, नियम तोच.

आता सुरक्षितता. शाळेची स्वतःची जबाबदारी आहेच. ट्रस्टलाही ती टाळता येत नाही. पण त्यामुळे कौन्सिलची संपत नाही. १९८९ च्या चिल्ड्रेन ॲक्टचं कलम ४७ वाचा. आपल्या हद्दीत राहणाऱ्या किंवा आढळलेल्या मुलाला गंभीर इजा होत असल्याचा किंवा होण्याचा संशय घ्यायला सबळ कारण असेल, तर कौन्सिलने चौकशी केलीच पाहिजे, असं ते सांगतं. मूल कोणत्या प्रकारच्या शाळेत जातं, याला तिथे काही महत्त्वच नाही. कौन्सिलची शाळा, अकॅडमी, भरमसाट फीची खाजगी, घरीच शिकणारं, सगळी मुलं त्यात येतात. २००० मध्ये व्हिक्टोरिया क्लिंबी ही आठ वर्षांची मुलगी घरातल्या छळाने मेली, तेव्हा ती शाळेत जातच नव्हती. रुग्णालयं, पोलीस, सोशल सर्व्हिसेस, सगळ्यांच्या नजरेसमोरून ती गेली होती. त्या प्रकरणाच्या चौकशीनंतर आलेल्या २००४ च्या कायद्याने मुलांच्या सेवांसाठी प्रत्येक कौन्सिलमध्ये एक संचालक नेमणं बंधनकारक केलं, ते एवढ्याचसाठी की ‘हे माझं खातं नाही’ असं कुणी म्हणू नये.

शिक्षकावर किंवा शाळेतल्या कर्मचाऱ्यावर मुलाला इजा केल्याचा आरोप असेल, तर शाळेने कौन्सिलच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला लगोलग कळवायचं असतं. इथे त्याला ‘लाडो’ म्हणतात. नावावरून लाड होतील असं वाटतं, काम मात्र नेमकं उलटं. सरकारी मार्गदर्शिकेतला हा नियम अकॅडमीलाही लागू आहे. ट्रस्टने ‘आमचं आम्ही बघून घेऊ’ म्हणून प्रकरण आतल्या आत मिटवलं, तर तो नियमभंग आहे.

राहिली भीती, मूल उचलून नेण्याची. कौन्सिलचा कर्मचारी दारात येऊन स्वतःच्या अधिकारात मूल नेऊ शकत नाही. आई-वडिलांची संमती नसेल, तर न्यायालयाचा हुकूम लागतो. अगदी तातडीच्या प्रसंगी पोलीस मुलाला सुरक्षित ठिकाणी हलवू शकतात, तेही जास्तीत जास्त ७२ तास. उलट त्याच १९८९ च्या कायद्यातलं कलम १७ गरज असलेल्या मुलाच्या कुटुंबाला मदत देण्याबद्दल आहे, आणि ती मदत मागायला फोन करावा लागतो तो कौन्सिललाच.