भाषण लिहून देऊ नका, फाईल करून घ्या

वादविवाद स्पर्धेचं पत्रक आलं की आपल्याकडच्या बऱ्याच शाळा-कॉलेजांत पहिला शोध सुरू होतो तो भाषण लिहून देणाऱ्या सरांचा. सर झकास लिहून देतात, पोरगं घडाघडा पाठ करतं, आणि समोरून एक साधा प्रश्न आला की जागेवर थिजतं. वक्तृत्वात हे खपून जातं, वादविवादात नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात बोलकी मुलं कमी नाहीत. चुकते ती तयारीची रीत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पुष्कळ स्पर्धांत दोघांचा संघ असतो, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल. म्हणजे विरोधी बाजूचा वकील आपल्याच बाकावर बसलेला असतो! तरी दोघं दोन कोपऱ्यांत पाठांतर करतात. मुद्दे आणि त्यांचे आधार यांची फाईल एकच करा, दोघांनी मिळून. पहिले दोन-तीन दिवस कोण कुठल्या बाजूने बोलणार हे ठरवूच नका.

"प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच व्हावे" हा दरवर्षी कुठे ना कुठे येणारा विषय घ्या. अनुकूल बाजूचे आधार ठरलेले: राज्यघटनेचं कलम ३५०-अ, २००९ चा शिक्षण हक्क कायदा, २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. तिन्ही खरे, पण मूळ मजकूर उघडून कोणी वाचत नाही. ३५०-अ हे कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलं. त्यात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, एवढंच आहे. सक्ती नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये "व्यवहार्य असेल तिथवर" या अर्थाची पाचर आहे. धोरणातही "शक्य असेल तिथे, किमान पाचवीपर्यंत, शक्यतो आठवीपर्यंत" असाच सूर आहे.

आणि या सगळ्यावर ६ मे २०१४ चा सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल. तोही कर्नाटक सरकारच्याच खटल्यातला. मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील, आणि प्राथमिक शाळेत मातृभाषेचंच माध्यम घ्या अशी सक्ती राज्याला करता येणार नाही, असं त्यात म्हटलंय. आता बघा, सीमाभागातल्या मराठी मुलाला हा निकाल दोन्हीकडून लागतो. मराठी घरातल्या पोरावर सरकारने दुसरं माध्यम लादू नये, यासाठी तो ढाल आहे. पण त्याच निकालाच्या आधारे शेजारची इंग्रजी माध्यमाची शाळाही उभी आहे. जो अनुकूल वक्ता ३५०-अ हुकमी पत्ता म्हणून टाकतो, त्याला प्रतिकूल बाजू या एका निकालाने गप्प करू शकते. म्हणून अनुकूल बाजूने आधीच ठरवायचं की आपण सक्ती मागतोय की सोय. सोय मागायची असेल तर विषयाच्या शब्दांत ती बसवून दाखवावी लागते. सक्ती मागायची असेल तर निकाल मान्य करून "कायदा आज असा आहे, तो बदलावा" असं सरळ म्हणायचं. दोन्ही मांडण्या टिकतात. गोलमाल मांडणी टिकत नाही.

आकड्यांचीही हीच तऱ्हा. म्हादई नदी आणि तिचं पाणी मलप्रभा नदीकडे वळवणाऱ्या कळसा-भांडुरा योजनेवर बोलताना "लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिले" हे वाक्य प्रत्येक जण फेकतो. म्हादईच्या पाणीवाटपाच्या लवादाने दिलेल्या ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात हा आकडा आहेच (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी). पण त्यातले ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी आहेत, १.५ खोऱ्यातल्याच वापरासाठी, आणि मलप्रभेकडे वळवायचे म्हणाल तर कळशाचे १.७२ आणि भांडुऱ्याचे २.१८, म्हणजे एकूण ३.९० टीएमसी. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या जंगलाची बाजू घेणारा असो की हुबळी-धारवाडच्या पिण्याच्या पाण्याची, ही फोड ज्याच्या वहीत आहे तो समोरच्याला सहज अडवतो. याच विषयावरची बातमी गोव्याच्या, बेळगावच्या आणि कन्नड वर्तमानपत्रातून शेजारी-शेजारी ठेवून वाचा. कोण कुठला आकडा गाळतो ते लगेच कळतं.

कन्नडचं एक सांगायलाच हवं. राज्य सरकारचे बरेचसे आदेश कन्नडात निघतात, आणि आपली मुलं मराठी पेपरातल्या चार ओळींच्या सारांशावर थांबतात. शाळेतल्या कन्नडच्या बाईंकडून मूळ आदेश वाचून घ्या, क्रमांक आणि तारीख टिपून ठेवा. लोकसभा-राज्यसभेची प्रश्नोत्तरं इंटरनेटवर मिळतात, त्यात मंत्र्याचं लेखी उत्तर तारखेसह असतं. भाषेचे आकडे २०११ च्या जनगणनेचे असतील तर तसं वर्ष सांगूनच वापरा.

टिपणासाठी वहीपेक्षा सुटी कार्डं बरी. एका कार्डावर एकच मुद्दा, खाली आधार, तारीख, पान. मागच्या बाजूला या मुद्द्यावर समोरून काय येईल आणि त्याला दोन वाक्यांत उत्तर. मागची बाजू कोरी राहिली तर तो मुद्दा अजून तयार नाही असं समजायचं. पंचवीस-तीस कार्डं झाली की पुरे, मंचावर त्यातली सहा-सातच लागतात. विवेकानंद, आंबेडकर, कलाम यांच्या नावाने व्हॉट्सअॅपवर फिरणारी वाक्यं खंड आणि पान सापडेपर्यंत कार्डावर येऊ देऊ नका.

वेळेचा हिशेब: मिनिटाला साधारण १२० शब्द धरा. पाच मिनिटांची स्पर्धा असेल तर ६०० शब्द होतात, पण लिहायचे ४८० च्या आतबाहेर. उरलेलं मिनिट आधीच्या वक्त्याला उत्तर द्यायला. क्रम चिठ्ठीने ठरतो, त्यामुळे सुरुवात दोन तऱ्हेची हवी: पहिला नंबर आला तर विषयाची मांडणी, शेवटचा आला तर थेट खंडन. मुद्दे तीनच, आणि सगळ्यात भक्कम मुद्दा आधी. शेवटी ठेवलेला मुद्दा घंटेत सापडतो.

आवाज, हातवारे, कविता यांवर आम्ही मुद्दामच काही लिहीत नाही. त्यावर बोलणारे भरपूर आहेत.

शिक्षकांना विनंती एवढीच की भाषण लिहून देण्याऐवजी सरावाच्या वेळी विरोधी बाजूला तुम्ही स्वतः उभे राहा आणि कार्डामागचे प्रश्न विचारा. ज्या प्रश्नाला उत्तर आलं नाही त्याचं नवीन कार्ड त्याच दिवशी करून घ्या. स्पर्धा झाली की परीक्षकांना भेटून गुण कुठे गेले ते विचारायला लावा, आणि ती फाईल पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी शाळेच्या कपाटात ठेवा. फक्त प्रत्येक आकड्यावर वर्ष लिहिलेलं असू द्या, नाहीतर पुढची पोरं जुनाच ऊसदर ठोकून देतील.