धक्क्यामुळे लाट उठत नाही

गेले काही दिवस गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश फिरतो आहे. कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बीचच्या प्रसिद्ध धक्क्याचे छायाचित्र देऊन त्यात तीन विधाने केली आहेत. धक्का असल्यामुळेच तिथे सर्फिंगजोग्या लाटा उठतात, तेव्हा हरमल-मांद्र्याच्या किनाऱ्यावरही तसाच धक्का बांधावा, हे पहिले. धक्क्याच्या किंवा खडकाच्या कडेचे संथ पाणी नवशिक्यांसाठी सर्वांत सुरक्षित असते, हे दुसरे. पावसाळ्यात लाटा सर्वांत उंच असल्याने गोव्यातला सर्फिंगचा खरा हंगाम तोच, हे तिसरे. यांतले दुसरे विधान जिवावर बेतणारे आहे, म्हणूनच हे लिहिणे मला भाग पडले.

हंटिंग्टनचा सध्याचा धक्का १९९२ साली खुला झाला. सुमारे १,८५० फूट लांबीचा हा धक्का काँक्रीटच्या खांबांवर उभा आहे आणि लाटा त्या खांबांमधून पार होतात. त्या लाटा जन्मतात हजारो किलोमीटर दूर, हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधल्या वादळांत आणि उन्हाळ्यात दक्षिण गोलार्धातल्या वादळांत. किनाऱ्याचे तोंड नैऋत्येला असल्यामुळे त्याला दोन्हींचा लाभ होतो. लाट कुठे फुटणार हे समुद्राचा तळ ठरवतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की ती कोसळते. खांबांभोवती वाळू सरकून वाळूचे दांडे तयार होतात आणि लाटेला बरा आकार मिळतो, एवढे श्रेय धक्क्याला जरूर द्यावे. पण लाट मुळात यावी लागते. आपल्या दोना पावलाला धक्का आहेच, तरी जुवारीच्या मुखाशी, आडोशाच्या पाण्यात असल्यामुळे तिथे कोणी सर्फबोर्ड घेऊन जात नाही. शिवाय मोरजी-मांद्र्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. तिथे काँक्रीट ओतण्याची सूचना इतक्या सहज करू नये.

आता दुसरे विधान. लाटांबरोबर किनाऱ्यावर चढलेले पाणी परत समुद्रात जाण्यासाठी खोल वाट शोधते. धक्क्याच्या खांबांजवळ वाळू खरवडली जाऊन अशी वाट तयार होते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातील डक येथे संशोधनासाठी बांधलेल्या ५६० मीटर लांबीच्या धक्क्याखाली तळ असा खोलावल्याचे मोजमापांतून दिसले आहे. खडकाळ टोकाशीही किनाऱ्यालगत वाहणारे पाणी अडते आणि बाहेरच्या दिशेने वळते. त्या वाटेवर पाणी खोल, म्हणून तिथे लाट फुटत नाही, आणि लाट फुटत नाही म्हणून ती पट्टी संथ दिसते. हाच रिप करंट; आपल्याकडे ‘पाण्याला ओढ आहे’ म्हणतात ती हीच. तिचा वेग कधी कधी सेकंदाला आठ फुटांपर्यंत जातो, आणि तेवढ्या वेगाविरुद्ध निष्णात पोहणाराही टिकत नाही. अनुभवी सर्फर याच पट्टीतून बाहेर जातात, कारण प्रवाह त्यांना विनाकष्ट नेतो. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा तेच पाहिले असावे आणि जाणत्यांची वाट नवशिक्यांना दाखवली असावी.

हरमलच्या उत्तरेकडच्या खडकाशी एका सकाळी मी नारळाचे सोडण पाण्यात टाकून पाहिले. ते खडकाला समांतर, माणसाच्या भरभर चालण्याच्या वेगाने बाहेर गेले, लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे जाऊन रेंगाळले, मग दक्षिणेकडे सरकत फेसात सापडले आणि बऱ्याच वेळाने पन्नासेक पावलांवर वाळूला लागले. ओढीत सापडलेल्याने करायचे ते जवळपास हेच: प्रवाहाशी झुंजू नये, बोर्ड सोडू नये, तरंगत हात वर करून जीवरक्षकाला खूण करावी, आणि ताकद असेल तर खडकापासून किंवा खांबांपासून दूर, किनाऱ्याला समांतर जाऊन फुटत्या लाटांबरोबर परतावे.

राहिला पावसाळा. लाटा तेव्हा सर्वांत उंच असतात, हे खरे आहे. पण जोरदार नैऋत्य वारा समुद्राकडूनच येत असल्यामुळे त्या विस्कळीत होतात, एकामागून एक अनेक रेषांत कोसळतात, आणि ओढही वाढते. किनाऱ्यावर लाल बावटा लागतो तो याच कारणाने. केवळ उंचीच्या आकड्यावरून लाट ओळखता येत नाही: खोल समुद्रात एक मीटर उंचीच्या, चौदा सेकंदांनी येणाऱ्या लाटेत तितक्याच उंचीच्या पण सहा सेकंदांनी येणाऱ्या लाटेच्या दुपटीहून अधिक शक्ती असते. म्हणून अंदाज पाहताना उंची, कालावधी, दिशा आणि वारा ही चारही एकत्र वाचावी लागतात. शिकणाऱ्यांसाठी पावसाळा सरल्यानंतरच्या सकाळी बऱ्या. तेव्हा जमिनीकडून येणारे मतलई वारे लाटेचा माथा क्षणभर धरून ठेवतात आणि ती एका कडेने सावकाश उलगडत जाते. दुपारकडे खारे वारे सुरू झाले की तोच समुद्र खडबडीत होतो.