जिंकलेला डाव घालवावा कसा

बुद्धिबळाची स्पर्धा रविवारी, मंगल कार्यालयात. त्यामुळे शनिवारी रात्री दोनपर्यंत जागून सिसिलियन नायडॉर्फ ही काळ्या सोंगट्यांची नामांकित सुरुवात पाठ करा, चांगला विसाव्या खेळीपर्यंत. नायडॉर्फ पाचव्या खेळीला सुरू होतो आणि समोरचे काका दुसऱ्याच खेळीला उंट बाहेर काढतात, हा दोष काकांच्या वाचनाचा.

वजिरावजिरी होईल, म्हणजे दोघंही एकमेकांचा वजीर मारतील. मग काका चष्मा पुसता पुसता घोडा फुकट देतील. चेहऱ्यावर लगेच करुणा आणा. ते बरोबरी सुचवतील. शेजारच्या तीन पटांना ऐकू जाईल असा नकार द्या. आता घाई कसली? एक चक्कर मारा, चहा घ्या, सातव्या पटावरच्या चिमुरडीचा डाव बघून मान हलवा. परत याल तेव्हा घड्याळात दोन मिनिटं असतील.

खरी कला पुढे आहे. तुमचं प्यादं आठव्या घरात पोचतं, आता त्याचा वजीर करायचा, सेकंद उरलेत अकरा, आणि काळा वजीर टेबलावर कुठेच नाही. नियम म्हणतो, घड्याळ थांबवून पंचांकडे वजीर मागा. एवढा साधेपणा तुम्हाला शोभत नाही. बाजूला पडलेला हत्ती उचला, उलटा ठेवा, ‘वजीर!’ म्हणून ओरडा. घरी आपण असंच करतो ना! पंचांच्या लेखी मात्र उलटा हत्ती हाही हत्तीच. तो तिरका पळवलात की खेळी बेकायदा.

कमीपणा मानू नका, परंपरा थोर आहे. 2017 साली कॅनडाच्या राष्ट्रीय स्पर्धेत, बरोबरी फोडण्यासाठीच्या टायब्रेक डावात निकोलाय नोरित्सिननेही घाईत हत्ती उलटा ठेवला. पंचांनी तो हत्ती ठरवला, डाव गेला, अजिंक्यपदही गेलं. काळा वजीर तेव्हा होता प्रतिस्पर्धी बातोर साम्बुएवच्या हातात. (तुमच्या बाबतीत निदान अजिंक्यपदाचा प्रश्न नव्हता. तुम्ही एकतिसाव्या पटावर होता.)

हरल्यावर हात मिळवा, पण सोडू नका. काकांना तिथेच पट मांडायला लावून ते कुठे कुठे हरत होते ते समजावा. बाहेर आल्यावर मोबाइल काढून इंजिनाचा, म्हणजे डाव जोखणाऱ्या प्रोग्रॅमचा, आकडाही दाखवा: तुमच्या बाजूने सात, म्हणजे जिंकलेलाच डाव! काका कौतुकानं ‘अरे वा’ म्हणतील, रुमालासाठी खिशात हात घालतील आणि दचकतील.

“अहो, हा तुमचा वजीर. माझ्याकडेच राहिला की!”