‘सोडायचाच मासा, मग कुठलीही जाळी चालते’: खुलासा

पुण्यातल्या गळवाल्या मंडळींच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: गळाला लागलेला मासा परत सोडायचाच असेल तर तो धरायला बाजारातली साधी नायलॉनची जाळी पुरते, रबरी जाळी म्हणजे पैशांची उधळपट्टी. हे चूक आहे, आणि भुर्दंड माशाला पडतो.

माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला जंतू आणि बुरशीपासून वाचवतो. गाठी मारलेलं नायलॉन तो थर खरवडतं, खवले उचकटतं, शेपटीचे पडदे फाडतं. मासा सोडल्यावर झोकात पोहत जातो, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. जखम चिघळते ती नंतर, आपल्या नजरेआड. लोणावळ्याजवळ वळवणला महसीरची पिल्लं मेहनतीने वाढवली जातात. तोच मासा आपल्या जाळीत सोलवटून निघावा, हे मनाला पटत नाही.

जाळी बिनगाठीची, रबराची किंवा रबराचा लेप दिलेली घ्या. तोंड रुंद, झोळी उथळ, म्हणजे मासा वाकडा होत नाही. रबर जड असतं, वाहत्या पाण्यात ओढ लागते, हे खरं. पण फ्लायचा (पिसं-दोरे बांधून केलेल्या नकली किड्याचा) गळ त्यात अडकत नाही, त्यामुळे मासा लवकर सुटतो.

जाळी आधी भिजवा, हातही. गळ काढेपर्यंत मासा पाण्यातच ठेवा. नाहीतर महागडी जाळीही फुकट.