चायना आहे ना, मग होणारच

डोकं फिरलंय, त्यामुळे शिस्तीत लिहिण्याची अपेक्षा ठेवू नका. झालंय असं की चीनच्या कारखान्यातून थेट मागवलेल्या कार्बन फ्रेमवर मी सायकल बांधली, तिच्यातून टक टक आवाज यायला लागला, चढावर उभं राहून पेडल मारलं की जास्त, आणि रत्नागिरीत ज्याला ज्याला विचारलं त्या प्रत्येकाने सायकलला हात पण न लावता निकाल देऊन टाकला, "चायना फ्रेम आहे ना, मग होणारच." अरे काय होणारच? बघ तरी आधी! खाली वाक, कान लाव, पेडलचा दांडा (क्रँक) हलवून बघ, काहीतरी कर. नाही. फ्रेम चायनाची हे कळलं की तपास संपला.

शेवटी घरी सगळं उघडलं तर आवाज निघाला सीटखालच्या दांड्याच्या, म्हणजे सीटपोस्टच्या क्लॅम्पमधून, त्यात बारीक वाळू आणि मीठ वाळून बसलेलं. पुसलं, कार्बनचे भाग सरकू नयेत म्हणून असते ती कार्बन पेस्ट लावली, बोल्ट ५ न्यूटन मीटरच्या जोराने आवळला, आवाज गायब. हे सायकल ग्रुपमधल्या एका काकांना सांगितलं तर म्हणतात, "आत्तापुरता गेला असेल हो, पण शेवटी चायनाच ती." हे बोलले कुठल्या फोनवरून ते मी विचारलं नाही, वयाचा मान ठेवला.

आणि तुमच्या त्या तीन-चार लाखांच्या सायकली कुठे बनतात असं वाटतं तुम्हाला? नाव इटलीचं नाहीतर अमेरिकेचं असलं तरी बहुतेक कार्बन फ्रेम चीनमध्ये नाहीतर तैवानमध्येच बनतात. चीनच्या एकट्या शियामेन शहरात कार्बन फ्रेमचे ढीगभर कारखाने आहेत. २०२५ च्या टूर द फ्रान्समध्ये एक्सडीएस अस्ताना टीम अख्खी चिनी कंपनीच्या सायकलींवर पळाली, त्या आल्प्सच्या उतारांवरून त्या वेगात, आणि आमच्याकडे भाट्याच्या पुलावर पंचवीसच्या स्पीडने जाणारा माणूस मला सांगतो की ही फ्रेम उतारावर फुटेल म्हणून.

आता उगाच कोणी मला चायनाचा एजंट म्हणू नका. त्या विक्रेत्यांवर पण माझा राग आहेच. मोठ्या ब्रँडचा स्टिकर मारून जी डुप्लिकेट फ्रेम विकतात ती फुकट दिली तरी घेऊ नका, जो नावाबद्दल खोटं बोलतो तो आतल्या थरांबद्दल खरं कशाला बोलेल. स्वतःच्या नावाने विकणारे कारखाने वेगळे, त्यांच्यातल्या काहींच्या फ्रेमना यूसीआयची, म्हणजे जागतिक सायकलिंग संघटनेची, मान्यता पण आहे, त्यांचं बघा. आणि हे जो तो टी१००० फायबर, म्हणजे कार्बनच्या धाग्याची भारी प्रत, म्हणून लिहितो ना, ते सोडून द्या, साधं टी७०० पण नीट थर लावून, नीट दाबून भाजलं असेल तर आपल्या पायांना पुरून उरेल. घेताना विचारायचं ते बॉटम ब्रॅकेटबद्दल, म्हणजे पेडलचा आस फ्रेममध्ये फिरतो त्या जागेबद्दल. बीबी८६ नावाच्या प्रकारात बेअरिंग नुसतं दाबून बसवायचं असतं, आणि ते ४१ मिलिमीटरचं भोक जरा जरी अंडाकृती आलं किंवा दोन बाजू एका रेषेत नसल्या की जन्मभर कुरकुर. म्हणून आट्यांचं, फिरवून बसवायचं घ्यायचं, टी४७ नाहीतर साधं बीएसए. मी विक्रेत्याकडून मापाचा फोटो मागितला तर त्याने मला अंगठ्याचा इमोजी पाठवला. आट्यांचीच घेतली मग.

पण खरा व्हिलन कोण आहे? ही हवा! खारी हवा. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मधे खारं पाणी शिरलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, बॅटरीत होतं तसलाच प्रकार, आणि त्याची जी पांढरी भुकटी होते ती फुगून भाग असा जाम करते की विचारू नका. बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट ज्यात बसतात ते रिव्हनट, अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट, केबल फ्रेममध्ये शिरते तिथल्या टोप्या, सगळीकडे हेच. माझ्या ओळखीत एक डॉक्टर आहेत, मांडवीला घर, समोर समुद्र, सायकल युरोपची, किंमत विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यांचा सीटपोस्ट फ्रेममध्ये असा बसलाय की आता तो करवतीनेच निघेल. त्यांना कोणी म्हणालं का, "युरोपची आहे ना, मग होणारच"? त्यांना सगळे म्हणाले, "समुद्राची हवा हो डॉक्टर, काय करणार." वा रे वा. म्हणजे हवा फक्त डॉक्टरांकडेच येते, माझ्याकडे आली की ती चायना होते.

आणि त्यात हल्लीची ही फॅशन, सगळ्या केबल हँडलबारमधून, हेडसेटमधून (हँडल फिरतं तिथली बेअरिंगं) आत. दिसायला मस्त, मान्य. पण ज्याने हे डिझाइन केलं त्याला एक जुलै महिना इथे आणून ठेवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुढच्या चाकाचं लाल पाणी थेट खालच्या बेअरिंगवर, आणि ते गंजलं की बदलायचं कसं? ब्रेकचे पाइप बेअरिंगच्या मधून गेलेले, म्हणजे पाइप सोडा, बरेचदा कापा, पाइपच्या टोकाला नवीन ऑलिव्ह आणि बार्ब टाका, मिनरल ऑइल भरा, ब्लीड करून हवा काढा. काही शे रुपयांच्या बेअरिंगसाठी अख्खा रविवार, तो पण ऑइल घरात असेल तर, नाहीतर पुण्याहून मागवा. म्हणून इथे बिल्ड करत असाल तर केबल स्टेमच्या (हँडल धरणारा तुकडा) बाहेरून जाणारी फ्रेम बघा, कोण हसलं तर हसू दे.

हत्यारांचा विषय तर काढूच नका. कार्बनच्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात, वरच्या नळीत आतून फुगून बसणारा एक्स्पांडर प्लग लागतो, साध्या सायकलीत हातोड्याने ठोकतात तो स्टार नट नाही चालत, कार्बन आतून सोलून निघेल ना. एका दुकानात मी फोर्क घेऊन गेलो, मला वाटलं मापाने कापून तरी देतील, तर त्या दादाने स्टार नट आणि हातोडा हातात घेतला होता, मी अक्षरशः ओरडलो. जोर मोजून आवळायचा टॉर्क रेंच आहे का विचारलं तर मनगट दाखवलं. "एवढी वर्षं हेच चालतंय, घट्ट बसणार बघा." घट्ट बसणारच रे, तेच तर नकोय! स्टेमच्या बोल्टला ५ न्यूटन मीटर म्हणजे दोन बोटांचं काम आहे, तुम्ही तिथे ट्रकच्या चाकाचा जोर लावता, आणि मग चीर गेली की परत तेच पालुपद, चायना.

मागवण्याची कटकट वेगळीच. नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्सप्रेस हे चिनी शॉपिंगचं दुकान भारतात बंद झालं तेव्हापासून कारखान्याशी थेट मेसेजवर बोलायचं, पैसे पाठवायचे, केवायसीचे कागद, मग कस्टम, मग कुरिअरवाला. त्याचा फोन येतो की पत्ता सापडत नाही, अरे शाळेच्या मागे घर आहे, बाजारात कोणालाही विचार! बॉक्स आला तो एका कोपऱ्यातून दबलेला, आतला मागचा एक्सल गायब, आणि कुरिअरच्या ऑफिसात काय म्हणाले माहितीये? "चायनावरून असंच येतं." मी तिथेच दोन मिनिटं खाली बसलो.

आणि हँगर! मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ज्यावर लटकतो तो एवढासा तुकडा, जवळपास प्रत्येक फ्रेमचा वेगळा. सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये युनिव्हर्सल हँगर काढला, नवीन बऱ्याच फ्रेमना तो चालतो, तसली मिळाली तर डोळे झाकून घ्या. माझी तसली नाही. जयगडवरून तवसाळला फेरीबोटीने जाताना एका बाईकवाल्याने त्याची बाईक माझ्या सायकलीला टेकवून लावली, टेकवून म्हणजे रेलून, हँगर वाकला, गिअर गेले, आणि साहेब चहाचा कप हातात घेऊन म्हणतात, "हलकी आहे हो तुमची सायकल, चायनाची का?" फ्रेमबरोबर जादा हँगर मागवून ठेवलेला म्हणून वाचलो, नाहीतर महिनाभर सायकल भिंतीला. तुम्ही मागवाल तेव्हा दोन मागवा, आणि रस्त्यासाठी निदान ३२ मिलिमीटरचं टायर बसेल एवढी जागा बघा, कारण सागरी मार्गावर खड्डा कुठे संपतो आणि रस्ता कुठे चालू होतो ते त्या बांधकामवाल्यांनाच माहीत. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चालूच आहे, त्याला बरं कोणी म्हणत नाही चायना.

आरे-वारेचा चढ मी याच फ्रेमवर चढतो, वरून समुद्र दिसतो तेव्हा शिव्या बंद होतात हे पण खरं, पण खाली टपरीवर थांबलो की कोणीतरी असतोच, फ्रेमला नखाने टकटक करून बघणारा. परवा तर एकाने नारळ वाजवून बघतात तसं वाजवून बघितलं आणि मान हलवली. काय ऐकलं त्याने देव जाणे.

तर आता माझा नियम ठरलाय. यापुढे ज्याने कोणी विचारलं, "फ्रेम फुटली का रे अजून?", त्याला मी तिथल्या तिथे अ‍ॅलन की देणार आणि सांगणार, तुमच्या ब्रँडेड सायकलचा सीटपोस्ट जरा वर काढून दाखवा. निघाला तर बोलू.