गाभण कुत्रीला दुप्पट खाणं? वेळच चुकली आहे

‘कुत्री गाभण राहिली की त्याच दिवसापासून खाणं दुप्पट करा, रोज कॅल्शियम द्या. व्यायल्यावर पोट नाजूक असतं, तेव्हा पातळ आणि बेताचंच द्या.’ असा संदेश बराच फिरतो आहे. त्यातला क्रम जवळपास पूर्ण उलटा आहे.

‘पहिल्या दिवसापासून दुप्पट’

गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. पिल्लांचं बहुतेक वजन शेवटच्या तीन आठवड्यांत वाढतं. त्याआधी घातलेलं जादा अन्न आईच्या अंगावर चरबी होऊन बसतं, आणि लठ्ठ कुत्री विताना अडण्याचा धोका वाढतो. म्हणून पहिले पाच आठवडे नेहमीचंच खाणं ठेवा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती खायला थोडी कुरकुरली तरी घाबरू नका. पुढे दर आठवड्याला सुमारे १० टक्के वाढवत न्या. २० किलोच्या कुत्रीला एरवी रोज सुमारे १,२३० किलोकॅलरी लागतात, तर शेवटच्या टप्प्यात साधारण १,७५०. म्हणजे तेव्हाही दुप्पट नाहीच.

या टप्प्यात खरी अडचण असते जागेची. फुगलेलं गर्भाशय पोटाला दाबतं आणि एका वेळी फार खाववत नाही. त्यामुळे तेच खाणं चार-पाच वेळा विभागून द्या. पिल्लं बरीच असतील आणि या दिवसांत तिने खाणं टाकलं, तर रक्तातली साखर घसरते, शरीर चरबी जाळू लागतं आणि त्यातून तयार होणारे कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ रक्तात साचतात. विण्याआधीच्या १२ ते २४ तासांत, अंगाचं तापमान ३७.२ अंश सेल्सियसखाली उतरलेलं असताना न खाणं वेगळं, ते नेहमीचंच. पण तारखेला आठवडा बाकी असताना दिवसभर तोंड लावलं नाही, तर पशुवैद्याकडे न्या.

‘रोज कॅल्शियम’

हा सल्ला सर्वांत घातक. बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळत राहिलं की रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारी गळ्यातली पॅराथायरॉइड ग्रंथी सुस्तावते. मग दूध उतरल्यावर अचानक कॅल्शियम ओढलं जातं, तेव्हा हाडांतून ते झटपट काढता येत नाही. धाप, बेचैनी, ताठरलेली चाल, थरथर आणि मग झटके, असा प्रकार बहुधा विल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत होतो. लहान जातींत जास्त. अशा वेळी घरी औषध पाजत बसू नका. शिरेतून कॅल्शियम सावकाश, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून द्यावं लागतं. वाढत्या पिल्लांसाठीचं संतुलित तयार खाद्य चालू असेल, तर वेगळ्या कॅल्शियमची गरज नाही.

‘व्यायल्यावर बेताचं’

हीच तर सर्वांत जास्त खर्चाची वेळ. कुत्रीच्या दुधात सुमारे ९ टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक. त्याच २० किलोच्या कुत्रीला सहा पिल्लं असतील, तर पहिल्या आठवड्यातच रोज सुमारे ३,१७० किलोकॅलरी लागतात. चौथ्या आठवड्यात ४,२५०, म्हणजे नेहमीच्या जवळजवळ साडेतीन पट. दोनच पिल्लं असतील तर चौथ्या आठवड्यात २,५००च्या आसपास. त्यामुळे ‘सरसकट तिप्पट’ हाही नियम नव्हे, पिल्लं मोजा.

इथे ‘पातळ’ खाणं का नडतं ते पाहा. किलोमागे ४,००० किलोकॅलरी देणारं कोरडं खाद्य एक किलोहून थोडं जास्त लागेल. पाणीदार खाण्यात किलोमागे १,००० किलोकॅलरी असतील, तर चार किलोंहून अधिक पोटात जायला हवं, आणि ते मावत नाही. मग अंगावरचं मांस झडतं, दूध आटतं, पिल्लं किरकिरत राहतात. खाद्य थोडक्यात जास्त ऊर्जा देणारं असू द्या, ते दिवसभर समोर राहू द्या. पाणी कधीच संपू देऊ नका. दुधाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पाणीच असतो.

आई वाळते म्हणून पिल्लांचं दूध लवकर तोडायची घाई नको. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पिल्लांना भिजवलेलं खाद्य चाटवायला लागा, म्हणजे तिच्यावरचा भार आपोआप उतरतो. दूध पूर्ण तोडायच्या दिवशी आईला फक्त पाणी द्या. मग रोज नेहमीच्या खाण्याचा पाव, अर्धा, पाऊण असं चढवत पूर्ण खाण्यावर आणा. तोडल्यावरही भरपेट घालत राहिलात, तर दूध आटत नाही आणि आचळं तटतात.