ओल जोपासण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

भिंतीला पोपडे धरले की आधी रंगाचा डबा आणा. पाणी येतंय कुठून, हे शोधायच्या फंदात पडू नका. शोधलं तर सापडतं आणि सापडलं तर दुरुस्त करावं लागतं.

म्हणूनच डाग नीट न्याहाळू नका. जोत्यापासून मीटरभर चढलेला पट्टा आणि त्याच्या वरच्या कडेला पांढरे क्षार दिसले, तर पाणी जमिनीतून येतंय हे उगाच कळेल. पावसातच उमटणारा डाग बाहेरच्या भेगेचा, बारमाही डाग बहुधा नळीचा, थंडीत कपाटामागे धरणारी बुरशी खोलीतल्या वाफेची. शंका उरलीच, तर फूटभर अ‍ॅल्युमिनियमचा कागद चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवतात. खोलीच्या बाजूला दव आलं तर हवेतलं, मागे आलं तर भिंतीतलं. तुम्ही तो कागद स्वयंपाकघरातच राहू द्या.

सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपायचा आणि दोन तासांनी पुन्हा पाहायचा, हीसुद्धा तशीच फुकटची उठाठेव. शिवाय न्हाणीघराच्या फरशीतून झिरपणारं पाणी मीटरला कळतच नाही. त्यासाठी न्हाणीघराच्या जाळीचं तोंड बंद करून 25 मिमी पाणी 48 तास साठवावं लागतं. वरच्या मजल्याशी भांडण चालू ठेवायचं असेल, तर ही परीक्षा टाळा. निकाल तुमच्याच नळीवर लागायचा.

बाहेर फुलझाडांचा वाफा थेट भिंतीला टेकवा. जोत्यावरचा ओलरोधक थर जमिनीपासून किमान 150 मिमी उंच असावा म्हणतात. मातीचा ढीग तेवढा सहज चढतो. खिडकीवरच्या सज्जाला खालून पाणी तोडणारी खाच नसेल तर उत्तमच, पाणी पोटाखालून सरळ भिंतीत येईल.

आता मुख्य काम. आतून जलरोधक रंगाचे दोन जाड हात मारा. ओल सुकायची वाट बंद झाली की मीटरभर उंचीवर थांबलेलं पाणी आणखी वर चढतं आणि नवे पोपडे पूर्वीपेक्षा उंचावर येतात. लोणा लागलेला गिलावा डागाच्या वर 300 मिमीपर्यंत काढायचा असतो, कारण त्यातले क्षार हवेतलं पाणी ओढत राहतात. तुम्ही त्यावरच पुट्टी फिरवा. गळती थांबल्यावरही भिंत वाळायला ढोबळमानाने दर 25 मिमी जाडीला महिना लागतो. 230 मिमीच्या भिंतीला किती, हा हिशेब रंगाऱ्याला सांगू नका. तो शनिवारी मोकळा असतो.

तरीही डाग उमटलाच, तर भिंतीला प्लायवूड ठोका. मागे अंधार, दमट हवा आणि लाकूड. बुरशीला आणखी काय हवं? वाळवीलाही नेमकं तेच आवडतं.